नानांची एक तृतीयांश गच्ची

अँटेनावाला माणूस ओळखायला फार हुशारी लागत नाही. एसटीत बाकीची माणसं खिडकीतून ऊस बघतात, कापूस बघतात, कुणाच्या घरावर नवा मजला चढला ते बघतात. हा छपरं बघतो. मधेच "च्च" करतो. शेजारच्यानं "काय झालं हो?" म्हणून विचारलं की हळहळून सांगतो, "छत्री दोन बोटं खाली झुकलीय त्यांची. जरा आभाळ भरलं की चित्र फुटत असणार." एसटी पुढच्या फाट्याला लागलेली असते, पण ह्याचा जीव त्या अनोळखी घराच्या पत्र्यावर अडकलेला. लग्नाला गेला तर अक्षता पडेपर्यंत मांडवात दम धरतो. पंगतीच्या वेळेला मात्र सापडत नाही. यजमानांच्या गच्चीवर जाऊन बघावं, तर व्याह्यांची छत्री पान्यानं सैल करून उभा असतो आणि खाली पोरं कार्टून गेलं म्हणून बोंबलत असतात.

दर तालुक्याला असा एक दिलेलाच आहे. आमच्या केजच्या वाट्याला नाना आले.

नानांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पाटी अजून तीच आहे, आत मुलगा मोबाइलची कव्हरं आणि काचा विकतो. नाना दुपारी तिथं येऊन बसतात. गिऱ्हाइकाचा फोन हातात घेऊन उलटापालटा करतात आणि विचारतात, "ह्याची अँटेना कुठंय?" गिऱ्हाईक म्हणतं, ह्याला नसते. नाना हसतात. "असते. दिसत न्हाई."

नानांची सगळी उमेदवारी पत्र्यावर गेली. जानेवारी १९८७मध्ये रविवारी सकाळचं रामायण सुरू झालं, तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही एक आणि बघणारी गल्ली अख्खी. पडद्यावर मुंग्या आल्या की आतून ओरड व्हायची आणि नाना वर चढून पाइप फिरवायचे. "आलं का?" "न्हाई." "आता?" "आलं, आलं... गेलं!" "आता?" "आवाज आलाय, माणसं न्हाईत." शेवटी चित्र स्थिर व्हायचं ते नानांचा हात पाइपला लागलेला असताना. हात काढला की मुंग्या. म्हणून नानांनी वर पाइप धरून उभं राहायचं आणि लोकांनी खाली हात जोडून बसायचं, असं ठरूनच गेलं. "मी रामायण ऐकलंय," नाना आजही सांगतात, "बघितलं न्हाई." असं का व्हायचं, हे त्यांना पुढं कळलं. माणसाचं अंग म्हणजे खारट पाण्याचा खांब, तो पाइपला टेकला की अँटेनाचाच भाग होतो. हे कळल्यावर त्यांना वाईट वाटायच्या ऐवजी आनंद झाला. आपण काही काळ अँटेना होतो, ह्याचा त्यांना अभिमान आहे.

मग अंबाजोगाईला दूरदर्शनचा टॉवर झाला आणि केजमधल्या झाडून साऱ्या अँटेना पूर्वेला तोंड करून उभ्या राहिल्या. डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनची बिनभाड्याची छत्री आली, तीच आजची डीडी फ्री डिश. तिचा आत्ताचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे केजहून बघितलं तर बरोबर आग्नेयेला, जमिनीपासून साठ अंश वर. "अख्ख्या गावाची मान पंचेचाळीस अंशांत वळली," नाना म्हणतात, "अन् ती मी वळवली." वास्तूवाला आग्नेयेला चूल मांडायला सांगतो. नाना त्याच चुलीच्या डोक्यावर छत्री मांडायचे, त्यामुळं दोघांत कधी भांडण झालं नाही. २०२२पर्यंत प्रसार भारतीनं देशभरातलं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण जवळपास गुंडाळलं आणि गच्च्यांवरच्या अॅल्युमिनियमच्या काड्या भंगारात निघाल्या. नानांनी त्या किलोवर विकत घेतल्या. कशाला, हे विचारायची त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, पद्धत नाही. जिन्याखाली जागा संपली की त्या एकदाच बोलतात.

त्या काड्यांच्या अँटेनाला यागी म्हणतात, आणि यागीची गोष्ट नानांच्या तोंडून ऐकली नाही असा माणूस केजात नाही. जपानमध्ये सेंदाईच्या विद्यापीठात हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा ह्या दोघांनी १९२६मध्ये ही अँटेना मांडली. एक काडी कामाची, तिच्या मागं एक परत लोटणारी, पुढं चार-पाच वाट दाखवणाऱ्या. वीज नको, बूस्टर नको, नुसत्या काड्यांच्या अंतरावर लाट एका दिशेला गोळा होते. जपानात कुणी फार लक्ष दिलं नाही. १९४२मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतलं, तिथं इंग्रजांच्या रडारचे कागद सापडले. त्यांत जागोजागी 'यागी' लिहिलेलं. जपानी अधिकाऱ्यांना अर्थ लागेना, म्हणून पकडलेल्या इंग्रज शिपायाला विचारलं. तो म्हणाला, साहेब, हे तर तुमच्याच प्रोफेसरांचं नाव. इथं नाना थांबतात, चहाचा घोट घेतात आणि खरा मुद्दा काढतात. बहुतेक मेहनत उदाची होती, जगात नाव राहिलं यागीचं. तेव्हापासून ग्रामपंचायतीचा बोर्ड असो, लग्नपत्रिकेतले निमंत्रक असोत की कारखान्याचं मोळीपूजन, नानांचा शेरा एकच: "काम उदाचं, नाव यागीचं."

दुसरा शब्द डीबी. नानांच्या घरात दूध लिटरमध्ये, साखर किलोत आणि सुख डीबीत मोजतात. एकदा सकाळी सकाळी दुधाच्या रांगेत ते आनंदानं म्हणाले, "रात्री तीन डीबी वाढले." पुढचा वळून म्हणाला, "नवी डीपी बसवली व्हय? अर्ज तर आम्ही पण दिलाय सहा म्हैन्यांपासून." त्याला ट्रान्सफॉर्मर आणि डेसिबल ह्यांतला फरक सांगता सांगता नानांचं दूध संपलं.

ते समजावून सांगतात मात्र फार चांगलं. म्हणतात, "अँटेना ताकद पैदा करत न्हाई. पाटाचं पाणी चार सऱ्यांत सोडलं तर चारीला घोटाघोटाएवढं. तीन सऱ्या बुजवून एकीत सोड, गुडघ्याएवढं येतंय. पाणी तेवढंच. त्यालाच गेन म्हणायचं." तीन डीबी म्हणजे दुप्पट. छत्रीचा व्यास दुप्पट केला तर सहा डीबी, म्हणजे चौपट. यागीची लांबी दुप्पट केली तर तीनसुद्धा पुरते पदरात पडत नाहीत. "डीबी फुकट मिळत नसतात," नाना म्हणतात, "जागा द्यावी लागती."

आणि जागा हेच तर नानांचं दुखणं.

वडील गेल्यावर घराची वाटणी झाली, तशी गच्चीचीही झाली. थोरले तात्या, मधले नाना, धाकटे बापू. गच्चीवर लाल ऑइल पेंटच्या दोन रेघा. जिन्याचं तोंड तात्यांकडं, पाण्याची काळी टाकी बापूंकडं, मधली पट्टी नानांची. पट्टीची रुंदी एवढी की नाना आडवे झोपले तर पाय बापूंच्यात जातात. त्यातही फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत ती पट्टी नानांची नसते, काकूंची असते. जुन्या साडीवर कुरडया, त्यापुढं पापड्या, कडेला सांडगे, आणि कावळे हाकायला बसवलेलं एक पोरगं. एवढ्यातून नानांना उरतो तो कठड्याचा कोपरा. बरं, रेघ जमिनीवर आहे, पण रेघेच्या वरच्या हवेचं काय? नानांनी पहिली मोठी छत्री उभी केली, तेव्हा तात्या चार वाजता वर आले, हात मागं बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "सावली आमच्यात यायलीय."

सावलीवर काय बोलणार? छत्री उतरली.

आता इतकी खटपट कशासाठी, तर शेतासाठी. नानांचं शेत गावापासून तीनेक किलोमीटरवर, माळाच्या उतारावर. सीताफळाची बाग, विहीर, मोटार. मोबाइलचा टॉवर टेकाडापलीकडं, त्यामुळं बागेत रेंजची एक काडी, तीही लाजत लाजत. रात्री रानडुकरं येतात. मुलानं सुचवलं, कॅमेरा बसवू. कॅमेऱ्याला नेट पाहिजे. मुलगा म्हणाला, दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड घालून बघू. नाना म्हणाले, "घरचं नेट घरच्या गच्चीवरून घरच्या शेतात न्यायला कंपनी कशाला मधे?" झालं. मुलगा जे बोलून बसला, त्याचा पश्चात्ताप त्याला अजून होतोय.

पहिला प्रयोग डब्यांचा. पत्र्याचा गोल डबा एका बाजूनं उघडा ठेवला आणि बुडापासून ठरावीक अंतरावर आत तांब्याची एक काडी घातली, की वायफायची अँटेना होते. काडीची उंची लाटेच्या चौथाईएवढी, म्हणजे तीन सेंटिमीटर आणि वर एक मिलिमीटर. पण डबा साडेसात सेंटिमीटरपेक्षा अरुंद असला तर लाट आत शिरतच नाही आणि सव्वानवाच्या पुढं रुंद झाला तर आत गोंधळ घालते. नाना पट्टी घेऊन किराणा दुकानात गेले. दुकानदार विचारतोय काय देऊ, नाना फळीवरच्या डब्यांची तोंडं मोजतायत. "डब्यात काय आहे ते असू दे, व्यास सांग." शेवटी मापात बसला तो रसगुल्ल्यांचा डबा. दोन्ही टोकांना एकेक, शिवाय एखादा बिघडला तर हाताशी असावा. त्या आठवड्यात गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी नानांकडचे रसगुल्ले होते, आणि लोक नातू झाला का म्हणून विचारत होते.

ह्याच सुमारास गल्लीतल्या एकानं मोबाइलचा बूस्टर आणून लावला. त्याच्या घरात रेंज आली आणि शेजारच्या चार घरांतली गेली. नानांचा संताप मी प्रथमच पाहिला. असा बूस्टर परवान्याशिवाय लावणं बेकायदा आहे, हे त्यांनी त्याला सांगितलंच, पण त्यांचा राग कायद्याचा नव्हता. "बूस्टर म्हणजे वरडणं. तू वरडलास की बाकीच्यांना ऐकू येत न्हाई. अँटेना म्हणजे कान देणं. तिचा कुणाला तरास न्हाई." नाना स्वतः नियमाला पक्के. २००५मध्ये सरकारनं वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बिनपरवाना खुला केला, त्यातली चार वॅटची मर्यादा त्यांना तोंडपाठ आहे. अँटेनाचा गेन वाढला की ते रेडिओची ताकद तेवढी कमी करतात. कुणी तपासायला येत नाही. केजात येऊन कोण तपासणार? तरी करतात.

डबे चालले, पण रात्री पाऊस आला की चालेनात. गेन पाहिजे होता आणखी, आणि कोपरा होता तेवढाच. इथं नानांना खोडदची आठवण झाली.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी म्हणून रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप ह्या शास्त्रज्ञाची कल्पना. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस छत्र्या, चौदा मधे दाटीनं, बाकीच्या सोळा तीन हातांनी दूरवर पसरलेल्या. विज्ञान दिनाला ती लोकांसाठी उघडी असते. नाना नगर, आळेफाटा करत एसटीनं तिथं जाऊन आले होते. आमच्या भागातली माणसं पंढरपूरहून येताना चुरमुरे आणतात, नाना तिथून एकच वाक्य घेऊन आले: "अरे, जाळी आहे ती! नुसती तारेची जाळी!" एवढ्या अगडबंब छत्र्या भरीव पत्र्याच्या असत्या तर वजनानं आणि वाऱ्यानं सांगाडा कितीतरी भक्कम करावा लागला असता. जाळीतून वारा जातो, आणि छिद्रं लाटेच्या लांबीपेक्षा खूप लहान असली तर लाटेला ती भिंतच वाटते. त्यातल्या काही लाटा तर दोन-दोन मीटर लांबीच्या. आधी १९७५-७६मध्ये उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवायचा प्रयोग झाला, तेव्हाही खेड्यांतल्या तीन मीटरच्या छत्र्या कोंबडीच्या जाळीच्या होत्या. आपल्या सीमेला लागून विजापूर-गुलबर्ग्याकडं तो झाला, महाराष्ट्राला मिळाला नाही, ह्याची नानांना अजून चुटपुट आहे.

तर कोंबडीची जाळी आली. वायफायची लाट साडेबारा सेंटिमीटरची, तिच्या दहाव्या हिश्श्याहून छिद्र मोठं नको. अर्ध्या इंची जाळी जेमतेम चालली. वारा आरपार, आणि नानांच्या भाग्यानं सावलीही आरपार. तात्या चार वाजता वर आले, जमिनीकडं बराच वेळ बघत उभे राहिले. जाळीची सावली म्हणजे सावली का, हा प्रश्न त्यांनी भावकीत कुणाकुणाला विचारल्याचं नंतर कळलं.

पण लिंब आडवा आला. आमच्याकडं कडुनिंबाला लिंब म्हणतात. घर आणि शेत ह्यांच्या मधोमध मारुतीच्या पाराशी जुनं लिंबाचं झाड आहे. गच्चीवरून त्याच्या शेंड्यावरून शेत दिसतं, अगदी विहिरीचा कठडासुद्धा. मला वाटलं, दिसतंय म्हणजे झालं. नाना म्हणाले, "तसं नसतंय ते." नजर सुतासारखी जाते, लाट पोट फुगवून जाते. तीन किलोमीटरच्या पल्ल्यात मधोमध तिचं पोट वर-खाली साडेनऊ-साडेनऊ मीटर फुगतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग तरी मोकळा लागतो. शिशिरात पानं झडली की कॅमेरा चालायचा. चैत्रात पालवी फुटली की बंद. गुढीपाडव्याला सगळं केज कडुनिंबाचा पाला खातं, नाना जरा जास्तच खातात.

झाड तोडायचं नाही, ते मारुतीचं. पाइप किती उंच करणार? वाऱ्याला ताण द्यावे लागणार आणि ताणाच्या तारा उतरणार तात्यांच्या नाही तर बापूंच्या हद्दीत. तेव्हा नानांनी लाटच बदलली. ५.८ गिगाहर्ट्झची लाट पाच सेंटिमीटरची. छत्री तेवढीच ठेवली तरी लाट आखूड झाली की गेन सात-साडेसात डीबींनी चढतो, दोन्ही टोकांना. वाटेत तेवढाच एकदा गळतो, म्हणजे एका टोकाचा नफा. वर लाटेचं पोटही आत जातं, साडेनवाचं सहा मीटरवर येतं. जागा न वाढवता गेन वाढवायचा तर हाच मार्ग, असं नाना म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा धाकट्या हिश्श्यात मोठं घर बांधलेल्या माणसासारखा झाला होता.

भानगड एकच, लाट आखूड झाल्यावर कोंबडीची जाळी तिला जाळी वाटेना, दार वाटू लागलं. छिद्र अर्ध्या सेंटिमीटरच्या आत पाहिजे. नानांची नजर स्वयंपाकघरात गेली. आधी गव्हाची चाळण गेली. ती जरा उथळ पडली. मग मोठी रव्याची चाळण गेली, तिचा खळगा बरा होता. काकू एकादशीला वरई चाळायला बसल्या तेव्हा हातात फक्त चहाची गाळणी आली. त्या गच्चीवर गेल्या, पाइपावर अडकवलेल्या दोन्ही चाळण्या पाहिल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, "तुमच्या त्या यागीला बायको होती का हो?"

मापं घ्यायचा प्रकारही सांगितलाच पाहिजे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पासोडीवर ग्रंथ लिहिला. नानांनी पलंगाच्या चादरीवर बॉलपेननं पूर्ण मापात छत्रीचा छेद काढलाय. कागद पुरत नाही, हे दोघांचं कारण एकच असावं. चादर धुवायला टाकायची नाही, असा नियम आहे. पाहुणे आले की काकू ती उलटी अंथरतात.

गेन वाढला की झोत अरुंद होतो. हे नाना सगळ्यांना सांगतात आणि सगळे विसरतात. दोन फुटी छत्रीचा झोत आधी पंधरा अंशांचा होता तो सहा अंशांवर आला. मग निशाण धरणं आलं. त्यासाठी काकूंचा आरसा शेतात गेला. भाचा विहिरीवर उभा राहून उन्हाची तिरीप मारायचा, नाना इकडून पाइपाला डोळा लावून बघायचे आणि मला हाका, "आकडा सांग!" मी लॅपटॉपवरचा उणे सत्तर, उणे अडुसष्ट सांगायचो. उणे आकडा जितका लहान तितकं चांगलं, हे माझ्या डोक्यात पक्कं व्हायला वेळ लागला. सगळं जमून आलं आणि बापूंच्या घरातून कुणीतरी धुतलेली गोधडी आणून छत्रीच्या दांडीवर वाळत टाकली. ओल्या गोधडीतून लाट जात नाही. काकू म्हणाल्या, "गोधडी काढा म्हणून मी सांगणार न्हाई. मी इथनं 'जेवायला चला' म्हणून चार हाका मारल्या, त्या तरी कुठं पोचल्या? तुमची पण अँटेना एकाच बाजूला लागलीय. मागून कुणी बोललं तर ऐकूच येत न्हाई." नानांनी खूश होऊन मला सांगितलं, चांगल्या अँटेनाची खूण हीच, पुढचं ऐकणं आणि मागचं न ऐकणं. काकूंनी ते ऐकलं. त्या दिवशी जेवण चार वाजता झालं.

तरीही पावसाळी रात्री लिंक तुटायचीच. सहा डीबी कमी पडत होते. सहा डीबी म्हणजे दुप्पट व्यास, आणि दुप्पट व्यास म्हणजे कोपऱ्यातून बाहेर, रेघेपलीकडं. नाना दिवसभर कठड्यावर बसून रेघेकडं बघत राहिले. संध्याकाळी काकू वाळलेल्या कुरडया गोळा करायला वर आल्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग मोठी शेतात लावा की. तिथं कुणाची वाटणी आहे?"

नाना काही बोलले नाहीत. हिशेबात दोन्ही टोकांच्या गेनची बेरीज असते. अँटेना जशी बोलते तशीच ऐकते, त्यामुळं सहा डीबी ह्या टोकाला वाढले काय नि त्या टोकाला वाढले काय, लिंकला सारखेच. हे नानांनी मला कितीदा तरी शिकवलं होतं. फक्त गच्चीच्या भांडणात त्यांचं लक्ष त्या दुसऱ्या टोकाकडं गेलंच नव्हतं. शेतात विहिरीच्या कडेला जीआय पाइप रोवला, त्यावर चार फुटी जाळीची छत्री चढली. रेडिओ छत्रीलाच बांधला, कारण लांब केबलमध्ये डीबी गळतात. वर वॉटरप्रूफिंग म्हणून काकूंनी दिलेला, झाकणाला चीर गेलेला लोणच्याचा प्लास्टिकचा डबा. चाळण्या स्वयंपाकघरात परत आल्या. त्यांना भोकं पाडलेली होती, पण परत आल्या.

दसऱ्यानंतर आमच्या तालुक्यातलं निम्मं माणूस ऊसतोडीला जातं, कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात. मागं राहतात म्हातारी आणि शाळेतली पोरं. नानांच्या शेताजवळच्या वस्तीवर तर सारी तीच. लिंक पक्की झाल्यावर नानांनी विहिरीवर एक साधा राउटर टांगला आणि पासवर्ड वस्तीला देऊन टाकला. संध्याकाळी तिथं म्हातारे-म्हाताऱ्या जमतात, पोरं फोन धरतात, पलीकडं फडातल्या कोपीपुढं बसलेली सून भाकरी थापता थापता दिसते. एक आजी फोनच्या मागं बघायच्या, पोरगं आत कुठं बसलंय म्हणून. त्यांनी नानांना विचारलं, "माझा आवाज कोलापूरपत्तोर जातो?" नाना म्हणाले, "केजपत्तोर माझ्या छत्रीनं. फुडचं कंपनीचं." कंपनीचं वाटेवरचं काम किती मोठं, हे नानांना चांगलं ठाऊक आहे. पण पहिल्या तीन किलोमीटरचं श्रेय ते कुणाला देत नाहीत. इथं मात्र काम उदाचं आणि नावही उदाचंच.

कॅमेरा सुरू झाला आणि डुकरं काही दिसेनात. अंधारात बागेचा करडा कोपरा, मधेच एखादा ससा. मग एका रात्री दोन वाजता नाना दचकून उठले आणि फोन माझ्याकडं घेऊन आले. चित्र इतकं स्वच्छ की नानांनी आधी त्याचंच कौतुक केलं. चित्रात तात्या होते. धोतर खोचलेलं, हातात बॅटरी. नानांच्या विहिरीची मोटार चालू करून ते बारं आपल्या तुरीच्या रानात फिरवत होते.

मला वाटलं, आता पोलीस, पंचायत, निदान दोन दिवसांची शिवीगाळ. नानांनी फोन लावला. तीन किलोमीटरवर, त्यांच्याच छत्रीवरून, तात्यांच्या खिशातला फोन वाजला. चित्रात तात्या दचकले, इकडंतिकडं बघितलं, मग त्यांनी फोन कानाला लावला.

"तात्या, पाणी घ्या," नाना म्हणाले. "रोज घ्या. पण गच्चीवर रेघेच्या पलीकडं दोन फूट द्या. मला पावसाळ्याच्या आत तीन डीबी पाहिजेत."

तात्या बराच वेळ गप्प. मोटारीचा आवाज येत होता.

"सावली कुठं पडणार?" तात्यांनी विचारलं.